मामीच्या मापाची रायफल

रायफल किती हलकी असावी यावर जगातले इतके पुरुष इतका वेळ बोलत असतात, हे मला मामीमुळे कळलं. शहरात, सक्करदऱ्याच्या आमच्या खोलीत पंख्याखाली पडून मी परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघत होते. बर्फाचे डोंगर, दाढ्या, महागडे बूट. बोल्ट-ॲक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे ओढून पुढची गोळी चढवायची ती, स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवून हे लोक तिचं वजन करत. एकाने तर पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून टूथब्रशचा दांडा अर्धा तोडला होता. डोंगर चढायचा, रानमेंढा मारायचा, शिंगांसोबत फोटो काढायचा. छंद आहे त्यांचा, असू दे. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. चढून दम लागलेल्या माणसाच्या हातात कोणती रायफल स्थिर राहते?

मामीचा डोंगर म्हणजे पारशिवनीच्या पुढची टेकडी. तिचं एक वावर खाली, गावाला लागून. दुसरं वर, टेकडीच्या खांद्यावर. वरच्या वावरात मका आणि त्यानंतर हरभरा. त्यापलीकडे जंगल. रानडुकरांचा कळप एकदा आत शिरला की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. म्हणून मचाण, आणि म्हणून जागली. आमच्याकडे पिकाच्या रखवालीसाठी रात्र काढण्याला जागली म्हणतात. मामा होते तोवर ते जात. त्यांची दुनळी बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या लायसनवरची. मामा गेले आणि लायसन मामीच्या नावावर झालं.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. ते व्हावं म्हणून मामी आणि मी ज्या टेबलांसमोर उभ्या राहिलो, त्यातल्या प्रत्येक टेबलाने विचारलं, ‘घरात पुरुष नाही का?’ आहे ना. लहाने मामा आहेत, म्हणजे मामीचे दीर. पण कायद्यात कुठे लिहिलंय की टेकडी पुरुषानेच चढावी?

दुनळी मामीला पेलत नव्हती. पाण्याची कॅन, डबा, मोठा टॉर्च, घोंगडी आणि वर ती लोखंडी पहार. अर्ध्या वाटेतच तिचा खांदा उतरे. लहाने मामा प्रेमाने म्हणत, ‘वहिनी, बंदूक मी घेऊन जात जाईन, तुम्ही आराम करा.’ या प्रेमाचा हिशेब गावाला बरोबर कळतो. आमच्या गावात सातबारा उघडून कोणी वावर ओळखत नाही. जागलीला कोण जातं ते बघतात. दोन हंगाम जो मचाणावर बसला, वावर त्याचं म्हणून लोक बोलायला लागतात, आणि तिसऱ्या हंगामात तोही तसाच बोलतो. मामीला बंदूक पेलली नाही तर वरचं वावर गेलं. कागदावर राहिलं असतं, पायाखालून गेलं असतं.

म्हणून दुनळी विकून हलकी रायफल घ्यायची मंजुरी आम्ही काढली. मी ज्या गटासोबत पत्रकं वाटते त्यातल्या एकाने मला गंभीर आवाजात विचारलं, ‘तू शिकारीचं समर्थन करतेस?’ मी म्हटलं, शिकार बंद आहे, माहीत आहे मला. वनखात्याने परवानगी दिली तर रानडुक्कर, तेही स्वतःच्या वावरात, जंगलात पाऊल न टाकता. बाकी वेळ ती रायफल म्हणजे हवेतला आवाज आणि बाईच्या पाठीला आधार. तुला अडचण असेल तर एक रात्र मचाणावर बसून डुकरांना पत्रक वाचून दाखव. तो अजून आलेला नाही.

बंदुकीचं दुकान इतवारीत आहे. खाली हातगाड्या, टेंपो, भांड्यांचा खणखणाट. आणि भांडेवाल्याच्या शेजारून एक अरुंद दार. दुकान तळमजल्यावर आणि त्यांचंच गोदाम गच्चीला लागून, सगळ्यात वर. लहाने मामाही आले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ते सगळ्यात आधी खुर्चीवर बसले. दुकानदार पांढऱ्या सफारीतले म्हातारे गृहस्थ. त्यांनी मामीचं लायसन पाहिलं, मामीकडे पाहिलं आणि लहान्या मामांना विचारलं, “बोला साहेब, काय दाखवू?”

“लायसन हिचं आहे,” मी म्हटलं.

“हो हो, बेटा. लेडीज के लिए है हमारे पास.” त्यांनी पॉइंट टू टू काढली, अगदी बारीक गोळीची रायफल. “सबसे हल्की. धक्का नाही, आवाज नाही. शहरातल्या मॅडम लोक हीच नेतात.”

मी हातात घेतली. खरंच हलकी होती. आठवडाभर पाहिलेले सगळे व्हिडिओ माझ्या डोक्यात एकदम टाळ्या वाजवायला लागले. “हीच घे मामी! वजनाचाच तर प्रश्न आहे ना!”

मामीने ती हातातही घेतली नाही. “नेम धरून निशाण्याच्या पाटीवर टिकल्या पाडाच्या असन तर घेऊ. यानं डुक्कर मरत नाही वं पोरी, चिडते. जखमी डुक्कर मक्यात बसलं तर सकाळी मका तोडाले तू जाशीन?”

मी ती दुकानदारांना परत दिली. हलकी, हलकी, हलकी अशी घोषणा देऊन मोर्चा चालतो, जागली चालत नाही.

मग सरकारी कारखान्याची, जाड गोळीची तीनशे पंधरा बोअरची रायफल आली. रुंद, काळी, मजबूत. दुकानदार म्हणाले, वजन असलं की खांद्याला धक्का कमी बसतो, आणि हे बरोबरच आहे, व्हिडिओवालेही तेच सांगत होते. मामीने ती उचलून खांद्याला लावली. ठीक वाटली. लहाने मामा उठलेच. “बस, फायनल. मजबूत आहे. वर न्याचं मी पायतो.”

मामी म्हणाली, “भाऊ, गोदाम वर आहे ना तुमचं? जिना दाखवा.”

“जिना? कशाला ताई?”

“इथं सपाटीवर उभं राहून सगळंच पेलते. मले चढून पायाचं आहे.”

दुकानदारांनी रायफल रिकामी असल्याची पुन्हा खात्री केली आणि आपला एक माणूस सोबत दिला. मामीने पदर कमरेला खोचला आणि इतवारीतला तो लोखंडी, अंधारा, उभा जिना ती चढायला लागली. मागे मी, माझ्या मागे लहाने मामा, धापा टाकत. वरच्या दाराशी पोचल्याबरोबर मामी वळली, श्वास सावरायला न थांबता रायफल खांद्याला लावली आणि समोरच्या छपरावरच्या पाण्याच्या टाकीकडे नळी धरली. नळी खाली जात होती. ती वर आणे, परत खाली.

“नाही,” ती म्हणाली. “डुक्कर तोवर मका खाऊन ढेकर देईन.”

खाली आलो. दुकानदारांनी डोकं खाजवलं. मग त्यांनी मागच्या कपाटातून कापडात गुंडाळलेली एक जुनी रायफल काढली. एका शिकारी घराण्यातून विक्रीला आलेली. विलायती, त्याच तीनशे पंधरा बोअरची, म्हणजे गोळ्या सरकारी कारखान्याच्याच चालतील. नळी बारीक, लाकूड सडपातळ, कुठे फालतू मांस नाही. ज्या लोकांनी एके काळी हौसेसाठी हे जंगल उपसलं त्यांच्या घरातून ती आली होती, आणि मला मनातून आनंद झाला की आता तिला रखवालीचं काम लागणार.

मामी परत जिना चढली. दुकानदार या वेळी स्वतः आले, मागून लहाने मामाही. वर पोचून तिने रायफल लावली. नळी स्थिर होती. पण मामीची मान विचित्र वाकली होती, आणि कुंदा, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, तिच्या बगलेत पदराला अडकला होता. चापापर्यंत बोट पोचत नव्हतं.

“कुंदा लांब आहे,” मी म्हटलं.

“मर्दाना माप आहे बेटा,” दुकानदार म्हणाले. “सगळ्या बंदुका याच मापात येतात.”

माझ्या तोंडात भाषण तयार झालं होतं. चप्पल बाईच्या मापाची करता, बांगडी करता, आणि हत्यार मात्र... पण मामीने मला हाताने थांबवलं.

“भाऊ, तुमच्या घरी विळा आहे का?”

“आता नाही ताई. गावी होता.”

“माझ्या घरी तीन होते. माझा वेगळा, यांचा वेगळा, सासूचा वेगळा. सुताराकडे जाऊन मुठीनं माप द्याचं, मग तो दांडा बसवणार. दुसऱ्याचा विळा घेतला का दिवस बुडाला, हाताले फोड. विळ्याचा दांडा मापाचा असते तर याचा काहून नाही? कापा.”

“कापा?”

“दोन बोटं. पुढे नळीले हात लावू नका, ते कायद्यात बसत नाही, पोरीनं सांगितलं मले. मागचं लाकूड कापा.”

दुकानदार खरोखर दुखावले. इतकं जुनं अक्रोडाचं लाकूड! “ताई, रीसेल मरून जाईल. तुमच्यानंतर ही कोण घेईल? कोणत्याच माणसाच्या खांद्याला बसणार नाही.”

“माझ्यानंतरचं मी काहून पाहू गा?”

आणि तेव्हा लहाने मामा बोलले. जिना चढून त्यांचा चेहरा लाल झाला होता, त्यामुळे मनातलं थेट तोंडात आलं. “पण वहिनी, मग मले कशी लागन ते?”

खाली एक टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. दुकानदारांनी चष्मा काढून सफारीच्या टोकाने पुसला. महिनाभर मी लहान्या मामांबद्दल जे जे म्हणत होते आणि आई मला ‘तुले सगळ्यातच राजकारण दिसते’ म्हणून गप्प करत होती, ते त्यांनी स्वतः, एका वाक्यात, सांगून टाकलं.

मामी शांतपणे म्हणाली, “भाऊजी, तुम्हाले लागाचं कामच नाही. लायसन माझं आहे.” मग दुकानदाराकडे वळून, “दोन नाही, अडीच बोटं कापा.”

दुकानाच्या मिस्त्रीने काम केलं. रायफल हलकी म्हणजे धक्का जास्त, म्हणून त्याने कापलेल्या टोकाला जाड रबर बसवलं. मामीने नऊवारीवर नको, रोजच्या साडीवर माप घ्यायला लावलं, कारण पदराची जाडी वेगळी. सगळे कागद झाल्यावर आम्ही ती कापडात गुंडाळून पारशिवनीच्या बसमध्ये बसलो. मामी वाटभर तिच्यावर हात ठेवून होती. एका माणसाने विचारलं, “काय आहे वं बाई, सतार?” मामी म्हणाली, “हो, रात्री वाजवाची आहे.”

गावात अंगणात लोक जमले. मी लोकांना आधीच बजावलं होतं की लायसन नसलेल्याने हात लावायचा नाही, पण लहान्या मामांना कोण बजावणार. शेजाऱ्यांपुढे त्यांनी रिकामी रायफल मामीच्या हातून अशी काढून घेतली जशी दिरांनी घ्यायचीच असते. “पाहू तरी काय आणलं.” ऐटीत खांद्याला लावली, मान टेकवली. आखूड कुंद्यामुळे त्यांचा अंगठा सरळ नाकावर येऊन बसला. त्यांनी कोपर बाहेर काढलं, खांदा मागे नेला, पाय पसरले. नाक तिथेच, अंगठाही तिथेच. शेजारची म्हातारी म्हणाली, “अरे बाप्पा, हा तं शेंबूड पुसून राहिला!” अंगण हसलं. तेही हसले, थोडे उशिरा.

“बाईलोकाची खेळणी,” ते म्हणाले आणि परत देताना रायफल घट्ट धरून राहिले. “वहिनी, एकटी बाई मचाणावर. लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, वावर तिचं आहे,” मामी म्हणाली आणि हात पुढे केला.

त्यांनी दिली. मामीने पट्टा खांद्यावर घातला, पदर कमरेला खोचला. डबा तिच्याकडे, पाण्याची कॅन माझ्याकडे. पाऊलवाटेवर ती पुढे होती आणि पहिल्याच चढाला मी मागे पडले.

“थांब ना मामी!”

“तू ये मांगून,” ती न वळता म्हणाली. “मले अंधाराच्या आधी पोचाचं आहे.”