घराचं प्रकरण, निर्णयार्थ सादर

वामनराव पांढरीपांडे यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकून होते, आणि एकतीस वर्षांत त्यांनी एकही निर्णय घेतला नाही. ते त्यांचं कामच नव्हतं. कारकुनानं दोन्ही बाजू मांडायच्या, खाली ‘निर्णयार्थ सादर’ लिहायचं आणि कागद साहेबापुढे ठेवायचा. यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीत ते निवृत्त झाले. लगेच नागपूरहून मुलाचं, श्रीकृष्णाचं पत्र आलं, की घर विका आणि दोघंही इकडे या. गिऱ्हाईकही घर शोधत दारी आलं. राळेगावकडच्या तांड्यावरचा रामधन कापूस विकायला आला होता आणि त्याला पोरांच्या शाळेसाठी शहरात घर हवं होतं.

“संक्रांतीलोग थांबतो, बाबूजी,” तो म्हणाला. “मंग दुसरं पाहीन.”

वामनरावांनी फाईल उघडली. खरीखुरी, लाल फीत बांधलेली. थंडीत रोज सकाळी अंगणातल्या उन्हात खुर्ची टाकून ते टिपण लिहू लागले. विकण्याच्या बाजूनं: छप्पर गळतं. न विकण्याच्या बाजूनं: पावसाळा अद्याप दूर आहे. विकण्याच्या बाजूनं: नातू. न विकण्याच्या बाजूनं: सूनबाई. डिसेंबर सरता सरता चोवीस पानं झाली. शेवटी वळणदार अक्षरात ‘निर्णयार्थ सादर’ लिहिलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की आता वर साहेबच नाही.

मग काय, फाईल फिरू लागली. शेजारच्या वकिलांनी ‘दोन्ही बाजू भक्कम आहेत’ असं लिहून ती परत केली. ढाणकीच्या मेहुण्यानं ‘पाहिले’ म्हणून सही ठोकली. शेवटी वामनराव जुन्या साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेबांनी फाईल चाळली आणि सवयीनं शेरा मारला, ‘चर्चा करा.’ कोणाशी, ते लिहिलं नव्हतं. वामनरावांनीही विचारलं नाही. साहेबाला उलट विचारायची रीतच नव्हती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी रामधन आला. वामनरावांनी गुमान फाईल त्याच्या हाती दिली. रामधनला अक्षरओळख नव्हती. त्यानं तिचं वजन तेवढं पाहिलं.

“एवढं लिवलं, बाईले इचारलं काय?” तो म्हणाला. “मी तं माह्या लालीबाईले इचारूनच आलतो.”

वामनरावांनी मनातल्या मनात पानं उलटली. चोवीस पानांत छपराचं नाव अकरा वेळा होतं, बायकोचं, रत्नप्रभाबाईंचं, एकदाही नव्हतं. ती काय सांगणार, घर सोडवणार नाही म्हणेल, हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं होतं.

बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, फाईल घेतली आणि साहेबांच्या शेऱ्याखाली लिहिलं, ‘विकावे.’

“अगं, पण तुझा जीव आहे या घरात,” वामनराव म्हणाले.

“तुम्हाले कोणी सांगतलं? एकतीस वर्षं तुम्ही कचेरीत होते, मी इथं एकटी भिंतीशी बोलत होते. आता मले माणसांत राहाचं आहे.”

वामनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर न करता त्यांनी तो एक शब्द पुन्हा वाचला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच वरून आलेला निर्णय त्यांना मनापासून पटला.