पऱ्हाट्यांवरचा कापूस

आमच्या परभणीकडच्या काळ्या रानात कापूस असा पिकायचा की दिवाळी झाली की जिंतूरच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागायची. कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले असायचे. आणि असल्या मुलखात माझी आई जन्मभर भुईवर निजली. खाली एक वाकळ, थंडीत वर एक वाकळ, संपलं. हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, "अहो, त्या काळी सगळ्यांचंच तसं होतं." होतं ना! म्हणून काय तिची पाठ दुखत नव्हती? मला या बोलण्याचा लय राग येतो.

तिला एक गादी पाहिजे होती. पाटल्या मागितल्या नाहीत तिनं, लुगडीही मागितली नाहीत. एक कापसाची गादी असावी, आणि दुपारी भांडी झाली की तिच्यावर घटकाभर अंग टाकावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. तेही ती माझ्याजवळच म्हणायची, चुलीपुढं, हळू आवाजात.

आमचं गाव झरीच्या अलीकडं. वडिलांना मी दादा म्हणायची. ते सरकारी शाळेत मास्तर होते. निजामाचं राज्य, त्यामुळं रुमी टोपी घालून पोरांना उर्दूतून हिशेब शिकवायचे आणि घरी आले की टोपी खुंटीला अडकवून मराठीत हुश्श करायचे. पगार निजामाच्या हाली रुपयांत, तोही बेताचा. थोडं रान होतं, ते बटईनं दिलेलं. घरात चौथी माझी आत्या, दादांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि किल्ल्या तिच्या कमरेला. वाईट नव्हती ती. पण आराम या गोष्टीशी तिचं उभं वैर होतं.

वाट्याचा कापूस गाडीतून उतरायचाच नाही. बांधावरून थेट जिंतूरला जायचा, आणि त्यावर सारा, मीठमिरची, कापडचोपड, सगळं चालायचं. एकदा आईनं धीर करून विचारलं होतं, "वन्सं, औंदा एका गादीपुरता ठिवला तर?"

आत्या हसली. "अगं, कापूस म्हंजी पैसा. पैशावर कुणी निजतं का?"

त्यावर आईनं पुन्हा कधी विचारलं नाही. तिनं आपली वेगळीच वाट काढली.

वेचणी संपली की कापसाची वाळलेली झाडं उपटून घरी यायची. आमी त्याला पऱ्हाट्या म्हणतो. वर्षभराचं जळण तेच. त्या पऱ्हाट्यांवर फुटलेल्या बोंडांत कुठंकुठं कापसाचं एखादं बोटुक चिकटून राहिलेलं असायचं, वेचणाऱ्या बायांच्या हाताला न लागलेलं. आई चुलीत पऱ्हाटी घालायच्या आधी ती हातात फिरवून बघायची. कापूस दिसला की नखानं ओढून घ्यायची, सरकी काढायची, पातेरा झटकायची आणि पदराच्या टोकाला बांधायची. मग ते टोक माळ्यावरच्या पोत्यात सोडायचं. आत्याला दिसायचं सगळं. पण जळणातला कापूस काही पैसा नव्हे, म्हणून ती गप्प राहायची. फार तर म्हणायची, "भाकरी करपायली तिकडं, अन् ही बसली पऱ्हाटीच्या उवा काढत."

असं करत करत मी चांगली कळती झाले तेव्हा ते पोतं भरलं. झरीचा पिंजारी आला. त्यानं अंगणात लिंबाखाली धनुकली टांगली आणि कापूस पिंजायला लागला. आई दारात उभी, पदर तोंडाला. कापूस फुलत फुलत ढीग होत गेला. पिंजारी म्हणाला, "बाई, इत्ती साफ रुई किदर से लाये?" आईचं तोंड असं फुललं होतं की मी मेली, नुसती तिच्याकडंच बघत राहिले.

गादी झाली. दादांनी ती सोप्यात अंथरली आणि आईला म्हणाले, "नीज."

"अवो, नव्या गादीची घडी मी मोडू का? तुमी निजा आधी."

"मला मऊ लागत नाही, कंबर धरती."

दोघं असे एकमेकांना आग्रह करायले, तेवढ्यात आत्या आली. "कुणीच घडी मोडू नका. पावण्यारावळ्याला होईल." झालं! गादी गुंडाळली गेली, तिला जुन्या लुगड्याचं बासन घातलं गेलं आणि ती ट्रंकेवर जाऊन बसली.

मग ती शाळा तपासायला येणाऱ्या साहेबासाठी उतरायची. कुणाचा जावई आला, कुणाचे व्याही आले, की शेजारी मागायला यायचे, त्यांनाही जायची. परत आली की आई तिला उन्हात टाकायची, काठीनं झोडायची, हात फिरवायची, दाबून बघायची. पण बूड टेकवायची नाही. एकदा मीच म्हटलं, "आई, आत्या देवळात गेलीय. नीज ना जरा." ती कडेला बसली, एकाच अंगावर, उठायच्या बेतात बसतात तशी. हात मागं टेकला. आणि चटका बसावा तशी उठली.

"नको बाई. सवय लागंल."

माझं लग्न ठरलं. आंदणात काय द्यायचं याची घरात काळजी चाललेली. आईनं ट्रंकेवरची गादी काढली आणि माझ्या सामानात बांधली. मी म्हटलं, ही तुझी हाय. ती म्हणाली, "परक्या घरी भुईवर निजशील का?" दादा मधी बोलायला गेले, तर त्यांनाही तिनं हातानंच थांबवलं. सासर माझं देवगाव फाट्याच्या बाजूला. तिथं पोचल्याच्या दिवशी सासूबाईंनी गादी उचलली आणि सासऱ्यांच्या बाजेवर घातली. मी भुईवरच. पंचमीला माहेरी आले तेव्हा आईला सांगितलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती हसली.

"बरं झालं. म्हाताऱ्या माणसाला आराम."

"तुझं डोकं फिरलंय का?" मी ओरडलेच. "इतकी वर्षं नखं झिजवलीस ती माझ्या सासऱ्यासाठी?"

"असं आईला बोलू नाही," ती म्हणाली. "अन् औंदा पऱ्हाट्या लय आल्यात. ह्या खेपेची गादी मातर मी कुणाला देणार न्हाई बघ. ही माझी." माळ्यावर नवं पोतं होतं. तळाशी थोडा कापूस पडलेलाही होता.

माहेरी जाईन तेव्हा मी आधी माळ्यावर चढून ते पोतं बघायची. दर खेपेला थोडं वर आलेलं असायचं. आईचे केस पांढरे झाले. पाठ तर अशी धरायची की वाकलेली सरळ व्हायला तिला भिंत लागायची. पण पोतं वर येत होतं, आणि मी मनात म्हणायची, आता थोडंच राहिलं.

तिकडं लढाई चालू होती आणि कापड कंट्रोलवर आलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. आईला मुदतीचा ताप भरल्याचा निरोप आला. मी बैलगाडीनं आले. बघते तर सोप्यात भुईवर, त्याच वाकळीवर ती पडलेली. अंगात नुसती हाडं. कुशीवर वळवलं तर पाठीला जागोजाग कातडं गेलेलं. मी तशीच माळ्यावर चढले. पोतं तोंडापर्यंत भरलेलं होतं, सुतळीनं बांधलेलं.

मी म्हटलं, "दादा, पिंजाऱ्याला बोलवा."

वाकळीवरून आई म्हणाली, "आता नको. आजाऱ्याखालची गादी मंग फेकून द्यावी लागती. बरी झाले की भरू."

"आई, गप बस."

"इतक्या वर्षांचा कापूस हाय गं. असा तापल्या अंगाखाली घालू का?"

दादांनी जन्मात तिचा किंवा आत्याचा शब्द मोडला नव्हता. त्या दिवशी मात्र ते उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि शाळेला सुट्टी टाकून बाहेर पडले. कंट्रोलच्या दुकानात उभं राहून मांजरपाट आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झरीहून पिंजाऱ्याला घेऊनच आले. आत्या दारात उभी होती, तिनंही त्यांना अडवलं नाही.

लिंबाखाली धनुकली वाजायला लागली. तुंग, तुंग, तुंग. आईनं डोळे उघडले.

"फुलायलाय का?"

"लय फुलायलाय."

मी बाहेर जाऊन ओंजळभर पिंजलेला कापूस आणला आणि तिच्या गालाखाली ठेवला. तिनं गाल त्यावर दाबला. "गरम हाय गं," म्हणाली. मग थोड्या वेळानं मला जवळ बोलावलं. "खोळ मोठी शिव म्हणावं. यांनाबी निजता यील. कंबर धरती म्हणून खोटंच सांगतेत ते."

मी बाहेर जाऊन सांगितलं. दादा तिथंच ओट्यावर बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

दुपार कलली. खोळीत कापूस भरून झाला होता आणि पिंजारी टाके घालत होता. मी सारखी आतबाहेर करत होते. झालं का, झालं का, म्हणून त्या बिचाऱ्याचा जीव खात होते. तो म्हणाला, "हो गया बेटी, बस किनारी बाकी है." मी आत आले तर आत्या आईच्या उशाशी बसलेली, आईचा हात हातात धरून. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

जाणाऱ्या माणसाला अंथरुणावरून खाली भुईवर घेतात. आमच्या आईला खाली घ्यायचंही काम पडलं नाही. ती भुईवरच होती.

बाहेर धनुकली केव्हाच थांबली होती. पिंजारी सुई हातात धरून तसाच उभा होता. आत्या रडत होती, खरंच रडत होती, पण तिच्या रडण्यालाही कामाची सवय. दारात येऊन ती म्हणाली, "टाके पुरे करा भाऊ. बाराव्याला शय्यादानाला लागंल."

"आक्का!" दादा एवढंच म्हणाले.

आयाबाया आल्या. अहेव गेली, कुंकवानिशी गेली, भाग्याची गेली म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. कसलं भाग्य हो? मला अजून कुणी ते समजावून सांगितलेलं नाही.

बाराव्या दिवशी सोप्यात ती गादी अंथरली. मोठी, दोघं निजतील एवढी, शुभ्र मांजरपाटाची. तिच्यावर उशी, चादर. बाजूला छत्री, नव्या चपला, कंदील, तांब्या. मेलेल्या माणसाला वरती काही कमी पडू नये म्हणून हे सगळं ब्राह्मणाला द्यायचं. आईनं जन्मात पायात चपला घातल्या नव्हत्या. पावसात ती पोतं डोक्यावर घेऊन जायची. आणि आता रांगेनं सगळं मांडलेलं बघून मला वाटत होतं, एकेक वस्तू उचलावी आणि अंगणात भिरकावून द्यावी.

दान घ्यायला बाहेरगावचा एक ब्राह्मण आला होता. असलं दान सहसा कुणी घेत नाही, ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत तोच घेतो. अंगावर विटकं उपरणं, गालफडं बसलेली. तो गादीवर बसला आणि संकोचानं कडेलाच बसला. आई बसली होती तसाच, एका अंगावर. मला बघवेना.

दादांनी हातात पाणी घेतलं. विधी सांगणाऱ्या गुरुजींनी सांगितलं, म्हणा, हिला परलोकी सुखानं निजायला मिळावं. दादा म्हणेनात. गुरुजींनी पुन्हा सांगितलं. दादांच्या बोटांतून पाणी गळून गेलं. "तिकडचं मला काय माहीत," ते म्हणाले, "इकडं पाहिजे होतं हो." शेवटी गुरुजींनीच मंत्र म्हणून पाणी सोडवलं.

गादी गुंडाळून गाडीत घातली. दान दाराबाहेर गेलं की मागं वळून बघायचं नाही, अशी रीत. आत्यानं मला खांद्याला धरून घरात वळवलं. पण दादा वळले नाहीत. अनवाणीच गाडीमागं निघाले. आत्या हाक मारायली, ते ऐकेनात. मग मीही आत्याचा हात सोडवून धावले.

वेशीजवळ त्यांनी गाडी गाठली. गाडीच्या दांडीला धरून ते म्हणाले, "महाराज, ही गादी विकू नका. तुमच्या पाया पडतो. कुणीतरी निजा हो हिच्यावर."

तो माणूस गाडीतून खाली उतरला. घाबरला होता बिचारा. "मास्तर, विकत न्हाई मी. पण मला कशाला पायजे मऊ?"

"मग बायको असेल तुमची. ती कशावर निजती?"

"भुईवरच की."

"तिला निजवा. आज दुपारी निजवा. शपथ घाला माझी."

तो गादीकडं बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "तुमाला खोटं कशाला सांगू, मास्तर. ती न्हाई निजायची. घरात लग्नाची पोरगी हाय. ती म्हणंल, पोरीला आंदणात होईल."

दादांनी दांडी सोडली. गाडी निघून गेली, आणि आमी दोघं रस्त्यात उभे राहिलो.