बर्फावरचा नागसेन

नागसेन मेश्राम माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आला तो हातात कॉफीचा कागदी कप घेऊन. सव्वासहा फूट उंची, डाव्या डोळ्याखाली काळंनिळं, वरचा ओठ फुटलेला. बाहेरचं पेय आत चालत नाही म्हणून माझ्या रिसेप्शनिस्टने कपाला हात घातला, तेव्हा त्याने तो अलगद उंच धरला आणि माझ्याकडे बघून खास नागपुरीत म्हणाला, "नमस्कार मावशी. दात आहे त्यात. दुधात ठेवला. माझाच आहे."

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये दातांचा दवाखाना काढून मला बरीच वर्षं झाली. पडलेले दात लोकांनी मला टिश्यूत, खिशात, एकदा तर अंगठीच्या डबीत घालून आणून दाखवले आहेत. स्वतःहून दुधात आणणारा हा पहिला. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आमच्या धंद्यात पहिले हेच शिकवते." धंदा म्हणजे आइस हॉकी. मी दात जागेवर बसवला, तारेने बांधला, आणि दुखतंय का विचारलं. तो म्हणाला, "काही नाई होत, मावशी." पुढे त्याची हनुवटी शिवली, जबडा सरकला, दोन दाढा गेल्या, आणि उत्तर दर वेळी हेच होतं.

मी त्याला लहानपणी मराठी मंडळात पाहिला होता. नागपूरच्या मेश्रामांचा एकुलता एक मुलगा. जन्म इथलाच, पण आजीने येऊन वाढवला, म्हणून बाकीची पोरं इंग्रजीत उत्तर देत तेव्हा हा "काहून?" असं विचारायचा. मंडळातल्या बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या. त्यांच्या स्वतःच्या पोरांना 'का' हा प्रश्न कुठल्याच मराठीत विचारता येत नव्हता, ते सोडा.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. खेळाला आमचा विरोध नाही हो. उलट पोर पाच वर्षांचं झालं की आम्ही त्याला टेनिस, बुद्धिबळ, पोहणं असं सगळीकडे गाडीतून पळवतो. पण खेळ हा कॉलेजची अ‍ॅडमिशन मिळेपर्यंतच खेळायचा असतो, हे सगळ्यांना न सांगता कळलेलं असतं. नागसेनला तेवढं कळलं नव्हतं. अ‍ॅडमिशन मिळाली, दोन वर्षं शिकला, आणि एका छोट्या टीमने बोलावलं म्हणून कॉलेज सोडून गेला. त्यानंतर मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणून होणाऱ्या जेवणाला, आमचे अध्यक्ष पेंडसे त्याला कोपऱ्यात गाठायचे.

"काय करतोस हल्ली?"

"हॉकी खेळून राहिलो, काका."

"ते कळलं रे. पण करतोस काय?"

"तेच."

"बरं, बरं. इन्शुरन्स वगैरे देतात ना पण?"

"दाताचा नाई देत. म्हणून तर मावशीकडे जातो."

पेंडसे मग माझ्याकडे बघून मान हलवायचे. जणू मीच त्याला फितवला होता.

खालच्या लीगमधला व्यावसायिक खेळाडू म्हणजे काय, हे मला त्याच्याकडून कळलं. हिवाळाभर मक्याच्या रिकाम्या शेतांमधून बसने हिंडायचं, बसमध्येच झोपायचं, आणि उन्हाळ्यात लोकांचं फर्निचर हलवायच्या कामाला जायचं. त्यात नागसेनचं काम गोल करणं हे नव्हतंच. "आमच्या टीममधे एक छोटा, हुशार पोरगा असते, मावशी. त्याले कोणी मुद्दाम धक्का देला, तर मी जाऊन विचारतो." विचारतो म्हणजे हातमोजे काढून टाकतो. पण आधी खरोखरच विचारायचा, "चालेल का?" समोरचा हो म्हणाला की मग मारामारी. संपल्यावर त्याच्या बायकापोरांची चौकशी. आजीला हे अजिबात पटत नसे. घरात बुद्धवंदना आणि नातवाचा हा उद्योग! तिला तो समजावायचा, "आजी, मी रागानं नाई मारत. ड्यूटी आहे." आजी म्हणायची, "मग तर जास्तच वाईट." या वादाचा निकाल लागायच्या आधीच ती गेली.

खरा प्रश्न आजीचा नव्हता, बाबांचा होता. मेश्राम एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. त्यांच्या हाताखालून चूक सुटली असं कधी झालं नाही, आणि ऑफिसातून घरी आल्यावरही ही सवय सुटत नसे. माझ्याकडे जेवायला आले असता माझ्या आमटीत मीठ जास्त झालंय हे त्यांनी सहा माणसांसमोर सांगितलं, आणि मग आमटी दोनदा घेतली. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले ते पहिले. नागसेनने कॉलेज सोडलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आपल्या लोकांना डिग्री हेच हेल्मेट असतं. ते काढून तू खेळायला निघालास. मी काही ते बघायला येणार नाही."

आणि गेले नाहीत. किती हिवाळे आले आणि गेले! घरच्या मैदानावर मॅच असली की खेळाडूला दोन पास मिळतात. नागसेन ते तिकीट खिडकीवर आई-बाबांच्या नावाने ठेवायचा. त्याची आई, म्हणजे आमच्या मेश्रामवहिनी, एकट्या गाडी चालवत जायच्या, आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांचा कोट बसायचा. मॅच झाल्यावर तो आईला एकच विचारायचा, "बाबा येऊन राहिले का पुढच्या वेळी?" वहिनी म्हणायच्या, "बघू." हे मला त्यांनीच सांगितलं, दाढेत सिमेंट भरून घेताना, आणि डोळ्यांत पाणी आलं ते इंजेक्शनमुळे असं म्हणाल्या. मला मेश्रामांचा असा संताप आला होता!

मग एका जानेवारीत शिकागोच्या मोठ्या टीमचे चार-पाच खेळाडू एकदम जायबंदी झाले आणि नागसेनला वरून बोलावणं आलं. एका मॅचपुरतं. वयाची तिशी उलटलेली, गुडघे कुरकुरत होते. दुसऱ्यांदा कोणी बोलावणार नाही हे त्याला माहीत होतं. मला फोन करून म्हणाला, "मावशी, वरची मॅच. अन् घरापासून अर्ध्या तासावर. आता तर बाबा येतील न?"

बाबांचं माहीत नाही, पण मंडळ आलं. एका रात्रीत सगळ्यांना आठवलं की नागसेन आपल्याच अंगाखांद्यावर वाढलाय. 'भाषा शुद्ध नाही' म्हणून मराठी शाळेत त्याला नाकारणाऱ्या बाईंनी "माझा विद्यार्थी" म्हणून त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला. सवलतीत साठ तिकिटं काढली गेली. ढोल न्यायचे ठरले. ढोल चालत नाहीत हे कळल्यावर झांजा न्यायच्या ठरल्या. त्या दारातच काढून घेतल्या गेल्या, ती गोष्ट वेगळी.

पण त्याआधी सत्कार! कर्तृत्व दिसलं की त्याच्यावर शाल टाकायची, ही आमची जुनी खोड. आता हॉकीवाले मॅचच्या दिवशी सकाळी सराव करतात, मग परातभर पास्ता खातात आणि दुपारी गाढ झोपतात. त्यांच्यात ही झोप कुणी मोडत नाही. मी पुण्याची, मला हे एका वाक्यात पटलं. मी पेंडशांना फोन करून सांगितलं, "दुपारी जाऊ नका हो, तो झोपलेला असेल." पेंडसे म्हणाले, "अहो, दहा मिनिटांचा तर कार्यक्रम." मराठी माणसाचा दहा मिनिटांचा कार्यक्रम अजून मी पाहायची आहे. शेवटी मीही गेले, म्हटलं निदान लवकर आवरता येईल.

दुपारी दोन वाजता मेश्रामांच्या दिवाणखान्यात वीस-बावीस माणसं. नागसेन चड्डी-बनियनवर डोळे चोळत उभा. पेंडशांनी प्रास्ताविक केलं, पाहुण्यांची ओळख करून दिली, म्हणजे नागसेनची ओळख नागसेनच्याच घरात करून दिली. मग शाल, मग नारळ. मग त्यांनी पिशवीतून पुणेरी पगडी काढली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पगडी राहू द्या, भाऊ. फूल द्या." पेंडशांनी पगडी पुन्हा पिशवीत ठेवली. त्यांना कारण कळलं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, "मापाचा प्रश्न असतो कधीकधी," आणि लगेच पुढे, "आता नागसेनच्या वडिलांनी दोन शब्द बोलावेत."

हे ठरलेलंच असतं. वडील उठतात, मुलाच्या जिद्दीविषयी बोलतात, घसा दाटून येतो, टाळ्या पडतात. मेश्राम उठले. चष्मा पुसला. म्हणाले, "मी याची एकही मॅच पाहिलेली नाही. जे पाहिलं नाही त्याबद्दल मला बोलता येणार नाही. आज येतो. मग बोलेन." आणि खाली बसले. कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही तेच कळेना. नागसेन मात्र जागा झाला होता. असा हसला की नारळ हातातून पडता पडता वाचला. त्या दिवशी तो पुन्हा झोपला नाही, असं वहिनी म्हणाल्या.

रिंकमध्ये, म्हणजे त्या बर्फाच्या बंदिस्त मैदानात, मी मेश्रामांच्या शेजारी बसले. ते ताठ बसले होते, परीक्षेला बसावं तसे. पहिला भाग संपला तरी नागसेन बाकावरच. "कधी खेळणार?" म्हणून मंडळात कुजबुज सुरू. मग समोरच्या टीमच्या एका दांडगटाने शिकागोच्या एका पोरसवदा खेळाडूला मागून रिंकभोवतीच्या काचेवर आपटलं, आणि पुढच्या खेपेला नागसेन बर्फावर उतरला. एकदा पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, त्याच्या स्टिकला लागून गेली. मग तो त्या दांडगटाजवळ गेला आणि काहीतरी बोलला. मला माहीत होतं तो काय विचारतोय ते. हातमोजे पडले.

काय सांगू तुम्हाला! अख्खं रिंक उभं राहिलं. आमच्या पेंडसे काकू, ज्या दर शनिवारी ध्यानाचा वर्ग घेतात आणि मुंगी मारत नाहीत, त्या खुर्चीवर चढून ओरडत होत्या, "हाण! हाण त्याला!" एकटे मेश्राम बसून होते. नागसेनने दोन ठोसे दिले, तीन खाल्ले, आणि दोघंही तोल जाऊन पडले. हेल्मेट आधीच निघालं होतं. त्याचं डोकं बर्फावर आपटलं तो आवाज एवढ्या कल्लोळातही वर आला. तरी तो उठला, मारामारीबद्दल शिक्षेच्या बाकावर जाऊन बसला, आणि लोक आणखी ओरडले.

मी शेजारी पाहिलं तर खुर्ची रिकामी. मेश्राम पायऱ्या उतरून थेट काचेपर्यंत पोचले होते. सुरक्षारक्षकाने अडवलं, तर त्याला ढकलून ते काचेवर तळहात आपटत ओरडत होते, "माझा मुलगा आहे तो! त्याला बाहेर काढा! त्याला दिसत नाहीये!" आणि खरंच, नागसेन त्यांच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या नजरेत ओळख नव्हती. टीमचे डॉक्टर धावले. मोठ्या लीगमधली नागसेनची कारकीर्द तिथे संपली. बर्फावर होता त्यापेक्षा जास्त वेळ शिक्षेच्या बाकावर.

मंडळाने परतीच्या वाटेवरच निकाल दिला. "एवढंच?" "तरी मी म्हणत होतो, डिग्री हवी होती." फोटो हळूहळू फोनमधून नाहीसे झाले. शाल कुणी परत मागितली नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

नागसेन सावरला. चालणं-बोलणं सगळं जागेवर आलं, पण डॉक्टरांनी खेळ बंद केला. आणि एक गोष्ट परत आली नाही, ती म्हणजे तो दिवस. सकाळच्या सरावापर्यंत त्याला आठवत होतं. पुढे सगळं कोरं. सत्कार नाही, बाबांचं बोलणं नाही, काचेवरचे हात नाहीत. आयुष्यभर ज्या संध्याकाळची वाट पाहिली नेमकी तीच गेली. "मावशी, बाबा खरंच आले होते?" असं त्याने मला विचारलं, तेव्हा मला दवाखान्यात पाठ फिरवून उगाच हात धुवावे लागले.

त्या मॅचचा व्हिडिओ फोनवर दोन मिनिटांत सापडतो. नागसेनने तो पाहिला नसेल असं मला मुळीच वाटत नाही. पण तो विचारायचा बाबांनाच.

गेल्या वर्षी त्याला मिनेसोटात, पार उत्तरेला, लहान मुलांना स्केटिंग शिकवायचं काम मिळालं. मेश्राम निवृत्त झाले होते, तेही घर विकून त्याच्यासोबत निघाले. जायच्या आधीच्या रविवारी तिघांना मी चहाला बोलावलं. चिवडा झाला, चहा झाला, आणि नागसेन म्हणाला, "बाबा, ती मॅच सांगा न."

मेश्रामांनी कप खाली ठेवला. सांगू लागले. कोण कुठे उभं होतं, घड्याळात किती उरलं होतं, सगळं बारीकसारीक, अगदी टेस्टिंगच्या रिपोर्टासारखं. "मग तू बर्फावर आला. पक तुझ्याकडे आला. तू मान वर करून एकदा पाहिलं, अन् मारला. गोल. सगळं रिंक उभं राहिलं. मी पण उभा राहिलो."

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होत्या. नागसेन शांत बसून ऐकत होता, आणि हळूच माझ्याकडे वळून त्याने एक भुवई उचलली.

"मावशी, तुम्ही होत्या न तिथं? कुठून गेला?"

मेश्रामही माझ्याकडे बघत होते.

"वरच्या उजव्या कोपऱ्यातून," मी म्हटलं. "गोलकीपरला दिसलासुद्धा नाही."