राहिलेल्या रकाती

आपल्यावर कधी खरी वेळ आली तर आपलं ईमान, अल्लाहवरचा भरवसा, टिकेल का, अशी शंका मला नेहमी यायची. कारण माझा स्वभावच घाईचा. 'उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग' ही म्हण अम्मीनं मला इतक्यांदा ऐकवली आहे की ती माझ्यासाठीच कुणी रचली असावी. आणि मग खरी वेळ आलीच. एका दुपारी अम्मीचा फोन आला, "तुझे अब्बा घरात नाही हाये. फाटक उघडं दिसून राहिलं." तिचा आवाज रडवेला झाला होता.

अब्बांना अलीकडे काही आठवत नाही. कधी माझं नाव विसरतात, कधी जेवल्याचं. सक्करदऱ्याच्या आमच्या घरातून ते एकटे बाहेर पडले म्हणजे परतीचा रस्ता त्यांना कुणी सांगेल तेव्हाच. मी गाडी काढली. तलाव, बाजार, दवाखाना, बसचा थांबा सगळं पालथं घातलं. मग डोक्यात आलं, लकडगंज! तिथल्या आरा मशीनवर त्यांची उभी हयात गेली. तिथेही गल्लीगल्ली धुंडाळली, पण लाकूड कापणाऱ्या कुणालाही ते दिसले नव्हते. इतक्या वाहनांत ते कुठे पडले असतील, या विचारानं मी दिसेल त्याला विचारत सुटलो.

तेवढ्यात अस्रची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजची, अजान झाली. हरवलेल्या माणसाची खबर आमच्याकडे मशिदीच्या माइकवरून देतात, म्हणून मी जवळच्या मशिदीत शिरलो. अजान देणारे बुजुर्ग नमाजच्या तयारीत होते. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता पुकारा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, दुकानदार शटर ओढून इकडेच येऊन राहिले. आता पुकारलं तर कोण ऐकल? नमाज झाली का सारे समोर असतात, तवा सांगू. तू वजू करून घे. थोडा सब्र कर."

खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. ज्याचा बाप हरवला त्याला सब्र शिकवणं सोपं असतं! तरी हात-तोंड धुतलं, पाय धुतले आणि मागच्या ओळीच्या डाव्या टोकाला उभा राहिलो. अस्रच्या नमाजमध्ये इमाम मनातल्या मनात पढतात, त्यामुळे सगळं शांत असतं. माझ्या मनात मात्र नुसता गोंधळ होता. चारपैकी दोन रकाती, म्हणजे नमाजचे दोन फेरे, कसे गेले ते मला कळलंही नाही.

तिसरी सुरू झाली तेव्हा उशिरा आलेला कुणीतरी माझ्या डावीकडे येऊन उभा राहिला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मग तो खोकला. लाकडाच्या भुशानं जडलेला तो कोरडा खोकला मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण नमाजमध्ये मान वळवता येत नव्हती. सजद्यात गेलो आणि शेजारी एक हात जमिनीवर टेकला, त्याचं अर्धं बोट करवतीत गेलेलं होतं. अब्बा! माझे अब्बा माझ्या शेजारी होते, धडधाकट! आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, नमाज तोडून त्यांना घट्ट धरावंसं वाटत होतं. पण कुणी अचानक धरलं की ते घाबरतात, झटका देऊन पळतात. मी कपाळ जमिनीला टेकवलं आणि म्हटलं, या अल्लाह, माझ्या हातून हे सुटलं आहे, आता तूच सांभाळ. इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा माझा सजदा खरा झाला.

नमाज संपवणारा शेवटचा सलाम फिरवून मी डावीकडे हात पुढे केला, तर अब्बा उठून उभे राहिले! उशिरा येणाऱ्यानं सुटलेल्या रकाती नंतर एकट्यानं पुऱ्या करायच्या असतात. मुलाचं नाव विसरणाऱ्या माझ्या बापाला आपल्या दोन राहिल्या आहेत हे ठाऊक होतं. ते सावकाश वाकले, सावकाश बसले. बुजुर्ग माइककडे निघाले होते, त्यांना मी हातानंच थांबवलं. मग मांडी घालून बसून राहिलो. डोळ्यांना धार लागली होती आणि कसलीच घाई उरली नव्हती.

अब्बांनी सलाम फिरवायला पहिल्यांदा उजवीकडे तोंड वळवलं. उजवीकडे मीच होतो. माझ्या तोंडाकडे पाहत ते पुटपुटले, तुमच्यावर शांती असो, अल्लाहची कृपा असो. डावा सलाम झाल्यावर पुन्हा माझ्याकडे वळून हसले.

"बरं झालं तू आला," ते म्हणाले. "घरी नेऊन दे मले. रस्ता काही ध्यानात येऊन नाही राहिला. म्हटलं, अजान झाली तं आधी नमाज पढून घ्यावं. घरी नेणारा कोणी ना कोणी येतेच गा."