अकरा वर्षांचं कारण

तुमसरच्या तहसीलबाहेर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बाजूच्या टेबलावर एक टायपिस्ट काका बसतात, ते प्रतिज्ञापत्रं टाइप करतात. दोनच बोटं, पण कीबोर्डवर हातोडे मारल्यासारखी. छापण्याआधी सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतात. रांग वाढत जाते आणि मला राग येतो.

एम.ए.च्या प्रवेशाला शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. बाकीचे टायपिस्ट डोळे मिटून ‘घरगुती अडचण’ लिहितात.

परवा सिहोऱ्याची एक बाई आली. बी.ए. होऊन तिला अकरा वर्षं झाली होती.

“इतके वर्ष काय केलं?” त्यांनी विचारलं.

“काई नाई जी. घरीच होती.”

बोटं थांबली. “काई नाई असं मी टाइप नाई करत. धानाचा रोवणा कोन लावत होता? सासूले दवाखान्यात कोन नेत होता?”

“मीच.”

त्यांनी तेच टाइप केलं आणि खणखणीत वाचलं: “या अकरा वर्षांत मी धानाची शेती केली व आजारी सासूची सेवा केली.”

छापलेला कागद त्यांनी तिच्या हातात दिला.

बाई माझ्याकडे आली. “दोन कॉप्या काढा.”

“कॉलेजात तर एकच लागते.”

“दुसरी घरी मोठ्यानं वाचून दाखवाची हाये.”