पिवळ्याची वाटी

अंड्याच्या पांढऱ्या भागावर आमच्या समोरच्या काकांइतका विश्वास खुद्द कोंबडीचाही नसेल. डॉक्टरांनी त्यांना पिवळं बंद केलं आणि पांढऱ्याला हक्काचा प्रचारक मिळाला. अंधेरीच्या आमच्या बिल्डिंगचा जिना चढताना कुणीही सापडो, काका त्याला दुसऱ्या मजल्यापर्यंत प्रोटीन आणि तिसऱ्यापर्यंत कोलेस्टेरॉल समजावून सांगत. एकदा त्यांनी मला आपलं ते ऑम्लेट खायला घातलं. मीठ नावापुरतं, तेल नाही, मिरची वर्ज्य. ओला टीपकागद चावतोय असं वाटलं. "झकास ना रे?" त्यांनी विचारलं. मी भिडेखातर मान हलवली, तर लगेच दुसरं पानात पडलं.

पण अन्न टाकायचं नाही हा त्यांचा बाणा. काकू होत्या तोवर पिवळं त्यांच्या वाट्याला जाई. त्या गेल्यावर रोज सकाळी सातला, दोन बलकांची वाटी बशीनं झाकून, काका आमची बेल वाजवू लागले. "वहिनी, पोराला द्या. तरुणपणी चालतं." मग उंबऱ्यातच अर्धा तास गप्पा. वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून आई ती घासून तीत लोणच्याची फोड घाली. लोणचंही त्यांना बंदच होतं, तरी ते खुशीत घेऊन जात.

पहिल्याच श्रावणात आई तिच्या मालवणी हेलात म्हणाली, "भावजी, आता महिनाभर अंडा नको हां."

"महिनाभर?" एवढंच म्हणून ते वाटी घेऊन परत फिरले. महिनाभर बेल वाजली नाही. जिन्यात भेटले तरी प्रोटीनचं नाव काढत नसत. मला फार वाईट वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. तब्येत उत्तम होती. आता अख्खं अंडं खायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकांचा चेहरा उतरला. रिक्षात म्हणाले, "वहिनींना बोलू नकोस यार. मग मी कुठल्या निमित्तानं येऊ?"

माझ्या पोटात राहिलं नाही. त्याच रात्री आईला सांगून टाकलं.

श्रावण लागला. सातला बेल वाजली नाही, तेव्हा महिनाभर कांदा-लसूणही न शिवणाऱ्या आईनं स्वतः जाऊन समोरचं दार ठोठावलं. "भावजी, हाडा ती वाटी. आमच्या मांजराक व्हया."

आमच्याकडे मांजर नव्हतं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते लगबगीनं वाटी आणायला आत गेले.

आता ती दोघंही नाहीत. हल्ली डॉक्टरांनी मलाही पिवळं बंद केलंय. रोज सकाळी ते वाटीत काढतो, वर बशी झाकतो आणि दारापर्यंत जातो. समोर हल्ली कोण राहतं, मला माहीत नाही.