रेडकाच्या पोटातला कडबा

जळकोटजवळच्या आमच्या गावात समोरच्या घरात एक बाई राहायची. मला ती फारशी आवडत नव्हती. तिला काहीच टाकवायचं नाही. ताकाचं भांडं विसळलेलं पाणी कोंबड्यांना, तूप कढवल्यावर उरलेली बेरी गूळ घालून पोरांना. जातं मेंढीच्या कातड्यावर मांडायची, म्हणजे सांडलेलं पीठ झटकून परत डब्यात.

"माझा उकिरडा उपाशी मरतोय," असं स्वतःच म्हणायची आणि हसायची.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात तिच्या म्हशीचं रेडकू मेलं. तिनं त्याच्या कातड्यात कडबा भरून ते म्हशीपुढं उभं केलं. म्हैस त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. त्या दुधावर तिचं घर चाललं होतं. मग गावातला चारा संपला. जिल्ह्याहून चाऱ्याची गाडी येणार, असं नुसतं ऐकत होतो. म्हैस बसली की उठेना.

एका सकाळी ती विळा घेऊन रेडकाची शिवण उसवत बसली होती.

मी म्हणाले, "अगं, मग दूध कसं देईल ती?"

"दूध जाऊ दे आक्का. म्हैस तर ऱ्हाईल."

तिनं कडबा उपसून म्हशीपुढं टाकला. म्हैस रिकामं कातडंच चाटत राहिली. हिनं तिचं तोंड धरून कडब्याकडं वळवलं आणि ती खायला लागेपर्यंत हात काढला नाही.

मी घरी आले, आमच्या छपरावरचं गवत ओढून काढलं आणि तिच्या दारात नेऊन टाकलं.

तिनं मूठभर उचलून हुंगलं. "लई जुनं हाय," म्हणाली. "पण खाईल."